पूर आणि पावसाची ओढ एकाच वर्षात : कोल्हापूरच्या छोट्या शेतकऱ्यासाठी तुकड्यागणिक नियोजन

पारावर पावसाचा विषय निघाला की आपल्याकडे अजून नक्षत्रांचाच हिशेब होतो. मृगावर पेरायचं, तरण्या पावसावर (पुनर्वसू नक्षत्र) आणि म्हाताऱ्यावर (पुष्य) रोपलावण उरकायची. हा हिशेब चुकीचा नव्हता. पण २०१९ मध्ये आश्लेषात पंचगंगा पात्र सोडून शिवारात शिरली. २०२१ मध्ये तेच म्हाताऱ्या पावसात झालं. २०२३ चा ऑगस्ट देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ मध्ये रोहिणी लागतात न लागतात तोच, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत पोचला होता. मे महिन्यातच ज्यांच्या शेतात पाणी उभं राहिलं, त्यांना धूळवाफ पेरणीसाठी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायला, घातच (पेरणीजोगी जमीन) मिळाली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९५० ते २०१५ चा पाऊस तपासला. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. वर्षाची सरासरी जवळपास तीच राहते, पडण्याची तऱ्हा मात्र बदलते.

गावात दहा-पंधरा शेतकऱ्यांचा गट, बचत गट, विकास सोसायटी किंवा शेतकरी कंपनी यांचं काम बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. स्वतःच्या वीस-तीस गुंठ्यांपुरताही तो वापरता येईल. सगळ्याचा पाया एकच आहे: नियोजन तालुक्याचं किंवा पिकाचं करायचं नाही, तुकड्याचं करायचं. गगनबावड्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशे-सहाशेवर वर्ष निघतं, हे सर्वांना माहीत आहे. पण एकाच शेतकऱ्याचा दहा गुंठ्यांचा मळीतला (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतला) तुकडा आणि पंधरा गुंठ्यांचा माळावरचा तुकडा यांतही तितकाच फरक असतो. वाटण्या होऊन जमीन विखुरली म्हणून आपण कुरकुरतो. हवामानाच्या बाबतीत मात्र हे विखुरलेपण फायद्याचं आहे.

आधी शिवाराचा नकाशा

उन्हाळ्यात एका संध्याकाळी गटातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. म्हाताऱ्या माणसांना आवर्जून बोलवा, आणि बायकांनाही. बांधावर रोज कोण जातं आणि पाणी कुठे तुंबतं, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. गटनंबर असलेला गाव नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लिहून घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं? किती दिवस राहिलं? पूर ओसरल्यावर वाफसा (मशागतीजोगी ओल) यायला किती वेळ लागला? आणि पावसाने ओढ दिली की हा तुकडा कितव्या दिवशी सुकायला लागतो?

किती दिवस राहिलं, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दोन दिवसांत निघून जाणारं पाणी आणि आठ दिवस बसून राहणारं पाणी यांत पीक जगण्या-मरण्याचं अंतर आहे. जलसंपदा खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. त्या जरूर बघा, पण तुमच्या ओघळीतून पाणी मागच्या बाजूने कसं उलटं चढतं हे त्या रेषा सांगत नाहीत.

यातून तुकड्यांचे चार ढीग पडतात: पाणी बसणारी मळी, पाणी येऊन जाणारी मधली जमीन, माळ-मुरमाड, आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांत डोंगरउतार. शिरोळ-हातकणंगल्याकडे पाचवा ढीग क्षारपडीचा.

पाऊस स्वतः मोजा, पातळी स्वतःच्या बांधाला जोडा

पर्जन्यमापक मिळाला तर उत्तम. नाहीतर बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजा. हवामान खात्याची नोंदही साडेआठचीच असते, त्यामुळे तुलना सोपी जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी. खातं ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार' म्हणतं. म्हणजे अशा एका दिवसात वीस गुंठ्यांवर सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. ते कुठून बाहेर जाणार, हे आधी ठरलेलं हवं.

दुसरी नोंद नदीची. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात, पण आपल्या शेताशी त्यांचा संबंध कोणी लावून ठेवत नाही. तो लावा. राजारामला अमुक फूट झाले की आमच्या ओढ्याच्या पुलाला पाणी लागतं, त्यानंतर एवढ्या तासांनी मळीत शिरतं. एकदोन पावसाळ्यांच्या नोंदीत हा तक्ता तयार होतो आणि तो कुठल्याही ॲपपेक्षा कामाचा ठरतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. तेव्हा भोगावती-पंचगंगेच्या काठच्यांनी 'दरवाजे किती उघडले' हेही त्याच वहीत टिपावं. शिरोळकरांचं गणित वेगळं आहे. तिथे कृष्णा, कोयनेचा विसर्ग आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, सगळंच बघावं लागतं.

अंदाजासाठी मेघदूत आणि विजेसाठी दामिनी ही दोन ॲप गटातल्या निदान दोघांच्या मोबाइलवर असू द्या. दुपारी रानात माणसं असताना वळीव येतो. त्यामुळे दामिनीकडे दुर्लक्ष नको.

कुठल्या तुकड्यात काय

उसापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण कोल्हापुरात ऊस सोडा म्हणणाऱ्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही. सोडू नका, पण तारीख बदला. आपल्याकडचे मोठे पूर जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत आले. आडसाली लावण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, म्हणजे बरोबर त्याच वेळी. मळीत आडसाली केली तर कोंब जमिनीतच कुजतो. पूर्वहंगामी, म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची लावण केली, तर पुराच्या वेळी ऊस नऊ-दहा महिन्यांचा आणि उंच असतो. पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) पाण्याच्या वर राहिला तर ऊस बराच तग धरतो. पोंगाच बुडाला तर काही दिवसांत कुजायला लागतो. म्हणून पाणी बसणाऱ्या तुकड्यात पूर्वहंगामी, आडसाली वरच्या जमिनीत.

खोडव्यालाही, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसालाही, हेच लागू होतं. डिसेंबरात तुटलेल्या उसाचा खोडवा ऑगस्टपर्यंत चांगला उंच होतो, एप्रिलमध्ये तुटलेल्याचा गुडघ्या-कमरेला असतो. तेव्हा पुराच्या तुकड्यांची तोड आधी मिळाली पाहिजे. कारखान्याला उसाची नोंद देतानाच त्याच्या चिटबॉयला (गावातल्या कर्मचाऱ्याला) आणि शेती खात्याला हे सांगा. एकट्याचं कोणी ऐकत नाही. गटाने नकाशासह अर्ज दिला की बोलणं तरी सुरू होतं.

जातींत को ८६०३२ सगळीकडे आहेच. दलदलीत आणि चोपणात (क्षाराने घट्ट झालेल्या जमिनीत) कोएम ०२६५ जास्त तग धरते. ती उशिरा पक्व होते, म्हणून नोंदीआधी कारखान्याला विचारा. गुऱ्हाळासाठी करणाऱ्यांना को ९२००५ आहे. सगळ्या तुकड्यांत एकच जात नको. आणि कांडीऐवजी रोप लावा. साडेचार फूट सरीत दोन फुटांवर एक डोळ्याची रोपं धरली तर एकरी साधारण ४,८५० लागतात. रोपांचा महिना-सव्वा महिना रोपवाटिकेतच जातो, त्यामुळे पाऊस लांबला तरी हंगाम हातचा जात नाही.

मधल्या जमिनीत सोयाबीन आणि भुईमूग. इथे पाणी येतं आणि जातं, तेव्हा ते लवकर जायला हवं. रुंद वरंबा सरीचं यंत्र भाड्याने मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तर बैलाच्या कुरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरताना दर चार तासांनंतर (ओळींनंतर) एक तास मोकळं ठेवा आणि कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे चर पाडा. जोराचा पाऊस झाला की पाणी या चरातून निघतं. ओढ बसली की त्याच चरातली ओल मुळांना मिळते. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नको. डबा ठेवायला सांगितला तो यासाठीच. शेजाऱ्याने पेरलं म्हणून पेरणारे दुबार पेरणीला सर्वांत आधी सापडतात.

पश्चिमेच्या भातपट्ट्यात मला चारसूत्री पद्धत अजूनही सर्वांत व्यवहार्य वाटते. त्यातला ब्रिकेटचा (खत दाबून केलेल्या गोळीचा) भाग तर आत्ताच्या पावसासाठीच केला आहे असं वाटावं. वरून फेकलेला युरिया एका मुसळधार पावसात बांधावरून वाहून जातो. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल एक युरिया-डीएपी ब्रिकेट खोचली की खत जागेवर राहतं. गुंठ्याला सुमारे १.७ किलो ब्रिकेट पुरतात. लावणीआधी गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, रोपवाटिकेत तुसाची राख घालायची, आणि १५ व २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर दोन-तीन रोपांचे चूड लावायचे. पैऱ्यात (एकमेकांच्या शेतात आलटून-पालटून राबायला) माणसं असली तर हे काम जड जात नाही. आजऱ्याकडे घनसाळला भौगोलिक मानांकन आहे. तिथे उत्पादन थोडं कमी आलं तरी दर ते भरून काढतो. मात्र ही जात उंच वाढते आणि वाऱ्यात लोळते, म्हणून नत्र बेताने द्या.

डोंगरउतारावर नाचणा परत आणा. कोल्हापूरच्या शेंडा पार्क संशोधन केंद्रातून आलेल्या फुले नाचणी, फुले कासारी अशा जाती आहेत. खर्च कमी, ओढ सहन करतो, आणि आता विकलाही जातो. उताराला आडवी मशागत करा, बांधावर गवत राखा, आणि ओघळीत दगडांची ताल घाला. उतारावर पोकलेनने सपाटी करण्याआधी दहा वेळा विचार करा. कापलेली दरड पहिल्या अतिवृष्टीत खाली येते.

जमिनीत पाणी मुरलं पाहिजे आणि निघालंही पाहिजे

छोट्या शेतकऱ्याने पहिला पैसा कुठे घालावा असं विचारलं तर माझं उत्तर ठिबक नाही. पहिला खर्च चरावर, दुसरा पाचटावर (उसाच्या वाळलेल्या पाल्यावर). पाचटाला तर खर्चही नाही. पेटवायचं नाही, एवढंच.

तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट मागे राहतं. खोडव्यात ते एक सरी आड पसरा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबतं, आणि एखादी पाणीपाळी चुकली तरी ऊस लगेच मान टाकत नाही. 'पाचटात उंदीर होतात, साप होतात' ही तक्रार अगदी खोटी नाही. म्हणून बांधाकडेच्या एक-दोन सऱ्या मोकळ्या ठेवा. पण शेजारच्याने पेटवलं तर तुमचंही जातं. हे गटानेच ठरवायला हवं.

चर एकट्याच्या शेतात काढून उपयोग नाही. पाणी वरच्याच्या रानातून खालच्याच्या रानात येतं आणि भांडण बांधावर होतं. पाणंदीकडेचे बुजलेले ओढे-नाले मे महिन्यात एकत्र उकरणं हे गटाचं सर्वांत मोलाचं काम. त्यासाठी ग्रामपंचायतीत ठराव करून रोजगार हमीतून मागणी करता येते.

क्षारपड जमिनीत वरवरच्या चरांनी भागत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचं जाळं घालून निचरा करावा लागतो. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने असं काम मोठ्या प्रमाणावर झालं आहे. ते बघून या. हा खर्च एकट्याला झेपत नाही आणि पाणी सोडायला सामायिक नाला लागतोच. तोवर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताना गाडा.

ठिबकाबद्दल. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्र आणि राज्याच्या योजना मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं, पाळी आठ-दहा दिवसांनी. ठिबकाला तर थोडं थोडं रोज लागतं. त्यामुळे विहीर, कूपनलिका किंवा साठवण टाकी नसेल तर आधी संस्थेच्या सभेत विषय घ्या.

बी

पावसात भिजलेलं सोयाबीन पुढच्या वर्षी नीट उगवत नाही. म्हणून उगवण घरीच तपासा. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडा, गुंडाळा, सावलीत ओलसर ठेवा आणि आठवड्याने मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी पुरे. साठ उगवले तर पस्तीस. त्याखाली असेल तर बी बदला. बीजप्रक्रियेचा क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. गटाने थोडं बी दुबार पेरणीसाठी राखून ठेवावं. ऐन जुलैत दुकानात जे उरतं ते घ्यावं लागणं हाच मोठा तोटा असतो.

पाणी चढत असताना

मोटर काढण्याचा निर्णय पातळीवर ठरवून टाका, चर्चेवर नाही. आपल्या तक्त्यातला फूट आला की मोटर, स्टार्टर आणि केबल वर. पूर ओसरल्यावर वीज यायला आणि मोटर भरून (वाइंडिंग करून) मिळायला कैक दिवस जातात. मग भोवती चिखल असताना उभं पीक पाण्यावाचून वाळतं. हे नवख्याला खरं वाटत नाही, पण नदीकाठच्या प्रत्येक गावाने ते बघितलं आहे.

जनावरांची जागा आधी ठरवा. गोठ्यात आठ-दहा दिवसांची वैरण वरच्या उंचीवर हवी. मुरघास यासाठी फार चांगला. मका चिकात असताना कापा, इंचभर तुकडे करा, पिशवीत दाबून हवा काढा आणि पंचेचाळीस दिवस बंद ठेवा. पिशव्या उचलून ट्रॅक्टरवर टाकता येतात, कडब्याची गंजी टाकता येत नाही. गोकुळला दूध घालणाऱ्या घरात आठवड्याची रोकड दुधाचीच असते. गाय दुधाला आटली की ती परत यायला महिने लागतात. नुसत्या वाड्यावर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) दिवस काढावे लागले तर खनिज मिश्रण द्या. वाड्यातल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम घटतं.

पाणी उतरल्यावर

पहिले दोन दिवस फोटो आणि चर, बाकी काही नाही. चिखलात माणसं आणि बैल घालून जमीन तुडवू नका. उसाच्या पोंग्यात हात घालून बघा. आतलं पान ताजं, पिवळट-हिरवं असेल तर ऊस वाचेल. ओढल्यावर पोंगा हातात येत असेल आणि वास मारत असेल तर शेंडा गेला. वाचलेल्या उसाच्या पानांवरचा गाळ पाऊस नसेल तर फवाऱ्याने धुवा. वाफसा येताच १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी, त्यानंतर नत्र-पालाशाचा हलका हप्ता. शेंडा गेलेल्या उसाला पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात आणि वजन घटत जातं. त्याची तोड पहिल्या टप्प्यात मागा.

सोयाबीन गेलं तर रडत बसायला वेळ नाही. मळीत ओल भरपूर असते. सप्टेंबरच्या मध्यापासून शाळू (रब्बी ज्वारी), ऑक्टोबरात हरभरा. वैरणही होते.

आणि ओढ बसली तर? उसाला एक सरी आड पाणी द्या. सोयाबीनला फुलात-शेंगात असताना एक संरक्षित पाणी मिळालं तरी हंगाम वाचतो. ते शक्य नसेल तर १३:०:४५ या खताची (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का फवारणी आणि भेगा बुजवायला एक कोळपणी.

कागद

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून गटातल्या एका तरुण पोराकडे सोपवा. प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) झालीच पाहिजे. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पंचनाम्यात अडचण येते. फार्मर आयडी आणि आधार जोडलेलं बँक खाते हेही आधीच तपासा.

उसाला पीकविमा नाही, हे अनेकांना पुरानंतर कळतं. तिथे फक्त शासनाची मदत, तीही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत ती जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये होती. शेतात गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,००० आणि नदीने जमीन खरवडून नेली तर ४७,००० रुपये. गाळाचा आणि खरवडीचा उल्लेख पंचनाम्यात वेगळा करून घ्या. पिकाच्या नोंदीत तो बुडून जातो.

भात, सोयाबीन, भुईमूग, नाचणी यांचा विमा उतरवा. खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्के. भरपाई मात्र महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर (निवडक शेतांत कापून मोजलेल्या उत्पादनावर) ठरते. तुमचं शेत बुडालं आणि मंडळाचं सरासरी उत्पादन चांगलं आलं, तर हाती काही येत नाही. म्हणून कापणी प्रयोग कुठल्या शेतात आणि कधी आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा.

वाट्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्यांचं काय, हा सर्वांत नाजूक भाग. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते आणि बुडतो तो राबणारा. पाडव्याला वाटा ठरवतानाच, पूर किंवा दुष्काळाची मदत आली तर ती कशी वाटायची, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या आणि गटातल्या दोघांची साक्ष घ्या. बहुतेक मालक आधी विचारलं तर तयार होतात. पैसे खात्यावर आल्यानंतर विचारलं तर नाती बिघडतात.